तुलुलूचा आवाज

"लेकरू झोपलंय वाटतं?"

दुआर्तनं दचकून मान वर केली. कूरूच्या बाजारात, मासेवाल्यांच्या रिकाम्या ओट्यांपाशी, पत्र्याखाली तो पाऊस थांबायची वाट बघत उभा होता. स्वतःचा रेनकोट काढून त्यानं छातीशी धरलेल्या खोक्यावर गुंडाळला होता, आणि स्वतः मात्र नखशिखांत भिजला होता. शेजारी एक मुलगी येऊन उभी होती. तिच्याही हातात खोकं, त्यावर तिचाही रेनकोट, आणि तिच्याही केसांतून पागोळ्या गळत होत्या.

"लेकरू नाही, अँटेना आहे," तो म्हणाला.

"मग बरंय. रात्री जागवणार नाही."

"तुम्हाला अँटेनांचा अनुभव दिसत नाही... तुमच्या खोक्यात काय आहे?"

"केक. भिजला तर अख्खी संस्था माझी सालटी काढेल."

"माझी अँटेना भिजली तरी तेच. संस्थाच. साकव म्हणून आहे एक—"

कपाळाला हात लावायला तिचा हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं नुसतेच डोळे मिटले. "अरे देवा! म्हणजे तुम्ही दुआर्त! तुम्हाला आणायला फुलजांस काका सकाळीच विमानतळावर गेलेत."

"मला तर कुणी भेटलं नाही."

"काका कुणालाच भेटत नाहीत. भेटले तर चुकीच्या माणसाला भेटतात. मागच्या खेपेला एका दंतवैद्याला उचलून आणलं. बिचारा चहा प्याला, दोन भाषणं ऐकली आणि मग हळूच म्हणाला, मी दातांचा आहे." ती हसली. हसताना तिनं ओठ आत घेतले, जणू हसू उधारीचं होतं आणि जपून वापरायचं होतं. "मी योलेन. साकवची चिटणीस. चला, पाऊस काही थांबायचा नाही. आमच्याकडे जानेवारीत सुरू होतो तो विसरतो थांबायचं."

आता साकव ही काय चीज होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, गयानमधल्या या कूरूतून रॉकेटं उडतात. त्यासाठी युरोपातून माणसं येतात, कुंपणाआड राहतात, कुंपणाआड जेवतात, उड्डाण झालं की बॅग भरून चालू लागतात. कुंपणाबाहेर गाव उरतं. उड्डाणतळ बांधताना ज्यांनी घमेली उचलली ते सारामाका जमातीचे सुतार, हाइतीचे माळी, क्रिओल मास्तरणी, ब्राझीलच्या स्वयंपाकिणी. आभाळ दोघांचं एकच, पण तोंडं दोन दिशांना. फुलजांस काकांनी उभा जन्म तळावर नळ्या तपासण्यात घालवला, आणि निवृत्त झाल्यावर ते म्हणाले, हे काही बरं नव्हे. एक पडीक गोदाम मागून घेतलं, त्यात लांबलचक टेबल टाकलं आणि जाहीर केलं की ज्याला आभाळाशी देणंघेणं आहे त्यानं शुक्रवारी इथं यावं. नफा कुणाला नाही, पगार कुणाला नाही. सुरुवातीचे शुक्रवार काका एकटेच बसले, पुढं बसायला जागा पुरेना.

साकवची माणसं वरच्या नदीकाठची शाळकरी पोरं होड्यांतून आणून उड्डाण दाखवायची. तळावर नवा पाहुणा आला की गावातलं एक माणूस त्याला जोडून द्यायची. त्या माणसाला म्हणायचं 'खांदा'. आणि आता तर त्यांनी कहर केला होता. देशोदेशींच्या असल्याच रिकामटेकड्या मंडळींशी संधान बांधून त्यांनी चक्क उपग्रह बनवला होता! चपलेच्या खोक्याएवढा. लाडानं त्याला 'डबा' म्हणत. एका मोठ्या उपग्रहाशेजारी उरलेल्या जागेत अंग चोरून डबा फुकटात वर जाणार होता. या किनाऱ्यावरचा आवाज उचलायचा आणि त्या किनाऱ्यावर टाकायचा, एवढंच त्याचं काम. त्याची अँटेना घेऊन दुआर्त पोर्तुगालच्या आसोर बेटांवरून, महासागराच्या पार पलीकडून, आला होता. डबा उडाला की त्यानं परत जायचं.

दुआर्तचा खांदा कोण होणार? त्या आठवड्यात दुसरं कुणी मोकळं नव्हतं. योलेन म्हणाली, "माझ्याच नशिबी का?" आणि मान खाली घालून चिटणिशीच्या कामाला लागली. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि ते तिच्या युडॉक्सी मावशीनं टेबलाच्या त्या टोकावरून बरोबर टिपलं.

मावशीला काळजी वाटणं साहजिक होतं. योलेनचा बाप असाच एका उड्डाणासाठी आलेला. योलेनच्या आईनं त्याला हात धरून सांगितलं होतं, राहा. तो म्हणाला होता, पुढच्या उड्डाणाला येतो. त्यानंतर कितीतरी रॉकेटं उडाली. दर वेळी आई चांगला झगा घालून किनाऱ्यावर जायची, मान वर करून बघायची आणि घरी येऊन झगा घडी करून ठेवायची. दोन वर्षांमागं ती गेली तेव्हा तो झगा नव्यासारखा होता. योलेननं त्या दिवशी मनाशी गाठ मारली होती की काहीही करीन, पण कुणाला 'राहा' म्हणणार नाही.

गाठ मारणं सोपं असतं हो. माणूस समोर नसतो तेव्हा.

कार्निव्हलचे दिवस होते. त्या दिवसांत गयानभर शुक्रवारी राजाचा केक कापतात. ज्याच्या तुकड्यात चिनीमातीचं बी निघेल त्यानं पुढच्या खेपेचा केक आणायचा. पहिल्या शुक्रवारी बी निघालं दुआर्तच्या दातात. दुसऱ्या शुक्रवारीही त्याच्याच.

"तुम्ही मुद्दाम मला तोच तुकडा देता," तो म्हणाला.

"पुरावा?"

"सुरी फिरवताना तुमची जीभ बाहेर येते."

"माझ्या जिभेकडं बघायला कुणी सांगितलं? अँटेनेकडं बघा."

दुपारच्या वेळी तो तिला गोदामातलं रेडिओयंत्र शिकवायचा. बाहेर पाऊस पत्र्यावर दाणदाण कोसळत असायचा, आणि एकमेकांचं ऐकायचं तर डोकी जवळ आणावी लागायची. त्यामुळं पावसाबद्दल दोघांचीही तक्रार नव्हती.

"पहिली गोष्ट नाव," तो सांगायचा. "कोण बोलतंय, कुठून बोलतंय. मग बाकीचं. नाव न सांगता हवेत बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात खिडकीतून शिरणं."

"आणि ऐकतं कोण?"

"सगळे. ज्याच्याकडं यंत्र आहे तो प्रत्येक जण. हवेत गुपित नसतं."

"आमच्याकडे उलटं आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे नाव कळलं की खेळ संपला. रविवारी या नाचाला, मग कळेल."

साकवचा नाच रविवारी दुपारी असायचा, कारण निम्मी सभासद मंडळी रात्री आठला घोरायला लागत. नाचाचा नियम जुना आहे. बायका तुलुलू होऊन येतात. डोक्यावर टोप, तोंडावर मुखवटा, हातमोजे, पायमोजे... तीळभर कातडी दिसायची नाही. आवाज बदलून पातळ, किनरा काढायचा. तुलुलूनं हात पुढं केला की पुरुषानं नाही म्हणायचं नाही. आणि ती कोण हे ओळखलं तरी नाव तोंडातून काढायचं नाही. बायको नवऱ्याला वर्षभर जे बोलू शकत नाही ते त्या किनऱ्या आवाजात बोलून घेते, असं गावात म्हणतात.

त्या रविवारी जांभळ्या सॅटिनच्या झग्यातली एक तुलुलू दुआर्तपुढं येऊन उभी राहिली.

"काय रे ए, अँटेनावाल्या! नाचता येतं, की नुसतं गोल फिरतोस?"

त्यानं हात धरला. तिच्या झग्याला वाळ्याचा वास येत होता. दुपारी यंत्रापाशी डोकी जवळ आली की हाच वास योलेनच्या केसांतून यायचा. दुआर्तला जे कळायचं ते कळलं. पण नियम नियम असतो.

"तुझं नाव काय?" त्यानं मुद्दाम विचारलं.

"नाव विचारणाऱ्याचे पाय झडतात."

"मग माझं तरी सांगू? मी पाय तुडवणारा."

"ते मघाशीच कळलं!"

तो हसला. मुखवट्याआड ती हसली, तिथं ओठ आत घ्यायची गरज नव्हती. ती त्याला अरेतुरे करत होती, त्याच्या खांद्यावर डोकं टेकत होती, त्याच्या कानात काहीबाही सांगत होती. आणि सोमवारी गोदामात तीच योलेन म्हणाली, "नमस्कार. कालचा नाच कसा वाटला तुम्हाला?"

"छान. एक ओळखीचं माणूस भेटलं."

"असं? कोण?"

"नाव घेतलं तर पाय झडतात म्हणे," तो म्हणाला. योलेननं कागद चाळायला घेतले, आणि ते उलटे धरलेत हे तिला बऱ्याच वेळानं कळलं.

उड्डाण ठरलं आणि पुढं ढकललं गेलं. वर वारं फार होतं. पुन्हा ठरलं, पुन्हा ढकललं. नदीवरून आलेली पोरं किनाऱ्यावर पावसात कुडकुडत बसायची आणि उड्डाण पुढं गेलं की मुकाट होडीत चढायची. त्यांचे ते हिरमुसलेले चेहरे बघून योलेनचा जीव तुटायचा. आणि त्याच क्षणी मनात आनंदाच्या उकळ्या फुटायच्या, अजून एक आठवडा मिळाला! मग तिची तिलाच लाज वाटायची. आपण असल्या कशा? सगळी संस्था डबा उडावा म्हणून मेणबत्त्या लावतेय, आणि चिटणीसबाई वाऱ्याला हात जोडतायत.

याच दिवसांत फुलजांस काकांच्या पोटात आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट राहिली. साकवला एका पगारी माणसाची जागा मंजूर झाली होती. ती त्यांनी दुआर्तला देऊ केली आणि कुणालाही सांगितलं नाही. दुआर्तला तिकडून, आसोरमधल्याच सांता मारिया बेटावरच्या उपग्रह-केंद्राचंही बोलावणं होतं, दोन वर्षांच्या करारावर. सोमवारी काय ते सांग, काका म्हणाले.

दुआर्तनं ठरवलं, रविवारी तिलाच विचारायचं. गोदामातली योलेन 'तुम्ही, तुम्ही' करत हाताला लागायची नाही. मुखवट्यातली योलेन खरं बोलेल.

आणि नेमकं त्या रविवारी उड्डाण पुन्हा ठरलं, ढकललं गेलं, आणि पोरांची परतीची होडी उशिरा आली. योलेन धक्क्यावर अडकून पडली. पोरांना भूक लागलेली, एकीला ताप, सगळी पावसात. नाचाची वेळ टळून गेली.

नाचघरात जांभळ्या सॅटिनची तुलुलू होतीच. कारण झगे तीन शिवले होते, एकाच ताग्यातले. एक योलेनचा, एक मावशीचा, एक शेजारणीचा. तिन्ही मावशीच्या कपाटात टांगलेले, आणि मावशीच्या कपाटात कसर लागू नये म्हणून वाळ्याच्या मुळ्या ठेवलेल्या असायच्या. दुआर्तला हे कोण सांगणार? गावच्या पोराला एका झग्यावर विश्वास ठेवायचा नाही हे आईच्या दुधाबरोबर कळतं. हा बिचारा बेटावरचा.

तुलुलूनं हात पुढं केला. नाचायला उभी राहिली की युडॉक्सी मावशी अठरा वर्षांची व्हायची. दुआर्त आधीच घाबरलेला, त्याला वास आला आणि तेवढ्यावर त्याची खात्री पटली.

"ऐक," तो तिच्या कानाशी म्हणाला. "नाव घेत नाही मी. पण मला इथं नोकरी मिळतेय. तू राहा म्हणालीस तर राहतो. उद्या सांगायचंय. मुखवट्यातून सांग, हवं तर नुसती मान हलव... पण आज सांग. तू जे सांगशील ते."

मावशीचा पाय थबकला. सांगायचं काय? 'बाबा रे, मी ती नव्हे' असं तुलुलू कधी म्हणत नाही. म्हटलं तर साऱ्या बायकांची अब्रू गेली. तिनं तुलुलूसारखं केलं. किनऱ्या आवाजात खिदळली, त्याचा हात सोडला आणि शेजारच्या माणसाला ओढून नाचत निघून गेली.

दुआर्त तिथंच उभा राहिला. दुसऱ्या तुलुलूनं त्याला ओढलं, तेव्हा नियमाप्रमाणं तो नाचला.

योलेन संध्याकाळी भिजून घरी आली. मावशीनं तिला कोरडे कपडे दिले, गरम रस्सा दिला. त्या रात्री मावशीच्या ओठांवर ती गोष्ट चारदा आली. पण तिच्या डोळ्यांपुढं बहिणीचा घडी घातलेला झगा उभा राहिला. जाणारा जाऊ दे, तिनं मनात म्हटलं. आज रडेल आणि मोकळी होईल, माझ्या बहिणीसारखं जन्मभर नको. आणि तिनं दिवा मालवला.

शुक्रवारी टेबलापाशी काकांनी तोंड वाकडं करून सांगितलं की दुआर्त सांता मारियाला चाललाय, दोन वर्षांचा करार झालाय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी केकमधलं बी योलेनच्या तुकड्यात निघालं.

"अभिनंदन," ती म्हणाली. "फार चांगली संधी आहे... तुम्हाला."

"तुम्हाला तसं वाटतं?"

"वाटायचं काय त्यात? इथं कोण राहतं?"

काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा उत्तर मिळालेल्या माणसानं पुन्हा विचारायचं नसतं, असं त्याला वाटलं. योलेननं ते बी रुमालात बांधलं. पुढच्या शुक्रवारी केक नव्हताच, तोवर कार्निव्हल संपणार होता.

डबा उडाला तो मंगळवारी, कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी. त्या दिवशी सारं गाव लाल सैतान होऊन रस्त्यावर उतरतं. किनाऱ्यावर लाल शिंगं घातलेली आजीबाई, लाल शेपट्यांची पोरं, लाल टोपीतले काका, सगळे ढगाकडं तोंड करून उभे. आधी उजेड दिसला. मग आवाज आला, छातीच्या पिंजऱ्यात शिरणारा. झाडांवरून उठलेलं ते तेज ढगात घुसलं आणि ढगानं ते गिळून टाकलं. पोरं नाचायला लागली, काका ढसाढसा रडले. उरला तो भुरभुर पाऊस.

दुआर्त योलेनशेजारी उभा होता. उद्या सकाळी त्याचं विमान होतं.

"काही सांगायचंय?" त्यानं विचारलं.

तिच्या जिभेवर तो एकच शब्द येऊन बसला होता. आईचा शब्द. तिनं तो गिळला.

"पोचलात की कळवा," ती म्हणाली.

"अवारा खायचा राहिला," तो म्हणाला. "काका म्हणत होते, ईस्टरला तुमच्याकडे त्या ताडफळाचा, अवाऱ्याचा, रस्सा करतात. तो खाल्ला की माणूस गयानला परत येतोच."

"माझ्या बापानं दोन वाडगी खाल्ली होती," योलेन म्हणाली.

त्यानं तिचा हात हातात घेतला, ओला, गार, आणि सोडला.

बुधवारी राखेचा दिवस. कार्निव्हलच्या राजाचा पुतळा चौकात जाळतात आणि काळे-पांढरे कपडे घातलेलं सगळं गाव त्याच्याभोवती ऊर बडवून खोटं खोटं रडतं. तशी रीतच आहे. योलेन त्या गर्दीत उभी राहून रडत होती. लोक कौतुकानं म्हणत होते, वा, काय रडते पोरगी, अगदी खऱ्यासारखी!

फक्त मावशीला कळलं. तिनं ऊर बडवायचं सोडलं. तिनं योलेनला बाजूला ओढलं आणि जळत्या पुतळ्याच्या धुरात सगळं सांगून टाकलं. रविवारचा नाच, त्याचा प्रश्न, आपलं खिदळणं, आपलं गप्प बसणं.

"नाचताना गप्प राहिले ती रीत म्हणून," मावशी म्हणाली. "नंतर गप्प राहिले ते मुद्दाम. तुझ्या आईचं बघितलं होतं मी... मला वाटलं, तुला वाचवतेय."

"तो विचारत होता, मावशी? राहू का म्हणून विचारत होता?"

"तू राहा म्हण, राहतो म्हणाला."

योलेननं आभाळाकडं पाहिलं. विमान केव्हाच गेलं होतं. आईला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं आणि तिनं सांगितलं. इथं विचारणारा विचारत होता, आणि आपण कुठं होतो? धक्क्यावर, पोरांना बिस्किटं वाटत. आणि मग काल किनाऱ्यावर त्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा कुठं होतो? मावशीवर चिडायला तिला पुरता जोर येईना. तोंड उघडायला किनाऱ्यावर कोणता मुखवटा आड येत होता?

ती मावशीशी कित्येक दिवस बोलली नाही. पोस्टाच्या फोनवरून सांता मारियाचा नंबर फिरवायची आणि घंटा वाजायच्या आत ठेवून द्यायची. त्याचं एक पत्र आलं, तेही साकवच्या नावानं. डब्याचा सूर ऐकू आला, प्रकृती ठणठणीत आहे, ईस्टरच्या सोमवारी दुपारी पहिलं बोलणं करू. खाली सगळ्यांना नमस्कार. सगळ्यांत योलेनही आली.

ईस्टरच्या सोमवारी गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या अंगणात अवाऱ्याचं पातेलं दोन दिवस रटरटत होतं आणि नारिंगी वास पावसात मिसळून आत येत होता. मावशी पळी घेऊन दारात. नदीवरची पोरं टेबलाखाली. सारामाका सुतार, तळावरचे साहेब, हाइतीचा माळी, सगळे यंत्राच्या कर्ण्याकडं कान लावून बसलेले. डबा महासागराच्या मधोमध आला की दोन्ही किनाऱ्यांना एकदम दिसणार. थोडीच मिनिटं. मग क्षितिजाखाली.

कर्ण्यात खरखर झाली. मग समुद्रापलीकडून एक आवाज आला. "सांता मारियाहून दुआर्त बोलतोय. कूरू, ऐकू येतंय का?"

गोदाम कोसळेल एवढी आरोळी उठली. काकांनी मायक्रोफोन घेतला, नाव सांगितलं, खिशातून घडी घातलेलं भाषण काढलं. "या ऐतिहासिक दिवशी, मानवजातीच्या वतीनं..." मानवजातीचं सांगून झालं, मग युरोपचं, मग गयानच्या इतिहासाला त्यांनी हात घातला. पोरं चुळबुळ करू लागली. खरखर वाढत चालली. योलेन घड्याळाकडं बघत होती. डबा क्षितिजाकडं निघाला होता.

ती उठली. तिनं काकांच्या हातातून मायक्रोफोन काढून घेतला.

"अगं, अजून नगराध्यक्षांचे आभार—"

"काका, बसा."

काका बसले. सगळं गाव बघत होतं. आणि हवेत... हवेत तर कोण कोण ऐकत असेल! देशोदेशीचे ते रिकामटेकडे, कान टवकारून. तोंडावर ओढून घ्यायला काहीच नव्हतं.

"कूरूहून योलेन बोलतेय," ती म्हणाली. स्वतःच्या आवाजात.

"बोला, योलेन."

"त्या रविवारी जांभळ्या झग्यात होती ती मी नव्हते, दुआर्त. मावशी होती. तिन्ही झगे तिच्याच कपाटात असतात. तू जे विचारलंस ते मला बुधवारी कळलं. तू गेल्यावर."

दारात पळी खाली पडल्याचा आवाज झाला. कुणी हसलं नाही.

"मी मंगळवारीही विचारलं होतं," तो म्हणाला. आता त्याचा आवाज वेगळा होता.

"हो. ती मीच होते. घाबरले होते. आज उत्तर देतेय. राहा, दुआर्त. नाही... आता राहा कसं म्हणू? ये. ये आणि राहा."

"सगळे ऐकतायत, योलेन."

"ऐकू देत."

खरखर. तिला वाटलं, गेला. मग तो आला, लांबून, तुटत तुटत.

"मी दोन वर्षांची सही केलीय. सोडता येत नाही. काकांनी ती जागाही दुसऱ्याला दिली."

"माहीत आहे."

"मग... तरी?"

"तरी."

"तेव्हा म्हणाली असतीस तर आज तिथंच बसलो असतो मी. पातेल्यापाशी." त्याचा आवाज आणखी पातळ झाला. "शिजतोय ना?"

"शिजतोय."

"माझं एक वाडगं काढून..." पुढचं समुद्रानं घेतलं. मग एकदाच, अगदी बारीक, "...ठेव." आणि कर्ण्यात नुसती खरखर उरली. डबा क्षितिजाखाली गेला होता.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकांनी भाषणाची घडी घातली आणि डोळे पुसायला वापरली. मावशी दारातून हलली, पातेल्यापाशी गेली. एक वाडगं भरून आणलं, दोन्ही हातांत धरून, काठोकाठ. योलेनपुढं ती उभी राहिली. त्या राखेच्या बुधवारनंतर दोघी पहिल्यांदा एकमेकींच्या डोळ्यांत बघत होत्या.

"दोन वर्षं टिकायचं नाही गं हे," मावशी म्हणाली.

"बर्फात ठेव, मावशी."

"तुझ्या आईनंही..."

"आईला त्यानं ठेव म्हटलं नव्हतं," योलेन म्हणाली. "ती आपलीच ठेवत राहिली. मला सांगितलंय त्यानं."

येईल का तो? कुणास ठाऊक. दोन वर्षांत माणसाचं काय काय होतं. बेटावर दुसरी कुणी भेटते, करार वाढतो, आई आजारी पडते, मन बदलतं. योलेनला हे सगळं कळत होतं, ती काही खुळी नव्हती. बाहेर पाऊस तसाच कोसळत होता आणि पोरं भुकेनं वाडगी वाजवत होती. यंत्र बंद करायला तिनं हात पुढं केला, आणि मध्येच थांबून मायक्रोफोन पुन्हा तोंडाशी धरला.

"कूरूहून योलेन," ती त्या खरखरीला म्हणाली. "ठेवते."

मग तिनं यंत्र बंद केलं आणि मावशीच्या हातातलं वाडगं घेऊन, सांडू न देता, बर्फाच्या पेटीकडं गेली.